तीन आठवडे हात माझा

बडनेरा

बडनेरा स्टेशनवर मला घ्यायला आलेल्या ड्रायव्हरच्या हातात पुठ्ठ्याची पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'व्यायामवाल्या मॅडम, पुणे'. नाव नव्हतं, पदवी नव्हती. रात्रभराच्या प्रवासाने अंग आंबलं होतं, तरी मी ती पाटी नीट वाचली आणि ती कोणी लिहायला सांगितली असेल, याचा विचार सामान उतरवतानाच सुरू केला. पुढे महिनाभर मी वऱ्हाडात जे काही केलं, त्याची सुरुवात ही अशी झाली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात हाताच्या रुग्णांवर काम करते. तुटलेली बोटं, शिवलेल्या शिरा, आखडलेली मनगटं, हाच माझा संसार. या कामात माणूस संशयी होतो. ऑपरेशन करणारे म्हणतात, "जरा व्यायाम दाखवा यांना", जणू मी शाळेतली पीटीची बाई. शेजारी विचारतात, "म्हणजे मालिशच ना?" अशी वर्षं काढली की पाटीवरचा 'व्यायामवाल्या' हा शब्दही टोचतो. आमच्या घरी म्हणतात की मी देवळात चप्पल काढतानासुद्धा दोन्ही चपला वेगवेगळ्या कोपऱ्यात ठेवते. ते खरं आहे. त्यामुळे पुढे जे सांगते आहे, ते असल्या बाईने सांगितलेलं आहे, एवढं धरून चाला.

त्या वर्षांत वऱ्हाडाचं नाव रोज पेपरात असायचं आणि कशामुळे असायचं, ते सगळ्यांना माहीत होतं. मुंबई-पुण्याहून गाड्या भरून माणसं जायची. कोणी पाहणी करायला, कोणी मदत वाटायला, कोणी नुसतंच बघायला. एका संस्थेने अमरावतीच्या एका छोट्या दवाखान्यात हाताच्या शस्त्रक्रियांचं शिबिर घेतलं होतं, त्यात मी होते. यंत्रात, पत्र्यात, विळ्यात हात गेलेली माणसं तिकडे पुष्कळ होती आणि उपचाराला त्यांच्या गावात कोणी नव्हतं.

ड्रायव्हरचं नाव गजाननभाऊ. गाडी फाट्यावरून अमरावतीकडे वळली तसं त्यांनी आरशातून विचारलं, "मॅडम, तुमी पॅकेजवाले का टीव्हीवाले?"

"दवाखान्याची आहे."

"मंग ठीक." त्यांनी गिअर बदलला. "दवाखान्यावाले बी दोन किसमचे असते. एक औषध देनारे अन् एक माहिती नेनारे."

मी कुठल्या प्रकारातली, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी आपल्यापुरतं ठरवलं असावं, असं मला वाटलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता आणि बाया ओटीत वेचून राहिल्या होत्या. बघा, एका महिन्यात माझीही भाषा बिघडली.

अमरावती

दवाखान्यात दोन माणसांशी माझी गाठ पडली. एक डॉक्टर वानखडे, शस्त्रक्रिया करणारे. उंच, हळू बोलणारे, नखं इतकी कापलेली की बघूनच आपली बोटं दुखावीत. दुसऱ्या सिस्टर नसीम. मूळच्या अकोल्याच्या, पन्नाशीच्या, आवाज वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा. पहिल्या दिवशी तिघांनी एकत्र चहा घेतला. सोबत गिला वडा होता, आंबटगोड चटणीत बुडवलेला. पुण्यात आम्ही वडा कोरडा ठेवतो आणि चटणी बाजूला, म्हणजे कोणी कोणात मिसळत नाही. इथे सगळं एकात एक होतं. निदान वड्याच्या बाबतीत.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, एक गोष्ट आधीच बोलून घेऊ. ऑपरेशन झालं की तीन आठवडे हात माझा. नंतर तुमचा."

मला हे अपेक्षित होतं. तरी तोंड कडू झालं.

सिस्टर नसीम ट्रेमध्ये कप गोळा करत होत्या. "अन् रातच्याले कोनाचा, सर? रात्री दुखलं का पेशंट हाक मलेच मारते." डॉक्टर हसले. मी हसले नाही. ही बाई विनोद करते आहे की हद्द आखते आहे, ते मला कळेना.

वाद काय होता ते सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. बोटं मिटवणाऱ्या शिरा तळहातातून जातात. त्या कापल्या की शिवाव्या लागतात. शिवल्यावर दोन भीती असतात. फार लवकर ओढल्या तर टाका तुटतो. अजिबात हलवल्या नाहीत तर त्या आजूबाजूला चिकटून बसतात आणि बोट कायमचं अर्धवट राहतं. डॉक्टरांना पहिली भीती मोठी वाटते, मला दुसरी. डॉक्टर बोटांसकट सगळा हात पट्टीत गुंडाळून ठेवायचे. माझं म्हणणं असं की मागून अर्धं प्लास्टर राहू द्या, पण बोटं उघडी ठेवा आणि रुग्णाने दुसऱ्या हाताने ती दिवसातून अनेकदा हळूच वाकवावीत. स्वतःच्या जोराने नाही. सिस्टर नसीमना या दोन्हींपेक्षा जखमेची काळजी. हात झोळीत, छातीपेक्षा उंच, आणि जखम झाकलेली. त्यांनी पिकलेले हात आमच्या दोघांपेक्षा जास्त पाहिले होते आणि ते त्या रोज ऐकवायच्या.

सुजाता आम्हा तिघांची पेशंट. बावीस-तेवीसची, हिवरखेडची. वाऱ्यात छपराचा पत्रा उडाला, तो धरायला गेली आणि उजव्या तळहातातून आरपार गेला. मधल्या बोटापासून करंगळीपर्यंत तीन बोटांच्या शिरा कापल्या. डॉक्टरांनी त्या सुंदर शिवल्या, हे मला कबूल करावं लागलं. पण सुजाताला त्याचं फार काही नव्हतं. तिने पहिल्याच दिवशी मला विचारलं, "मॅडम, मूठ मिटन का?"

तिचा नर्सिंगच्या कोर्सला नंबर लागला होता. पुढच्या महिन्यात शारीरिक तपासणी होती. त्यात हात दाखवावा लागणार आणि हात धड नसला तर जागा पुढच्या मुलीला जाणार. वस्तीतून एवढं शिकायला निघालेली पहिलीच मुलगी, तिच्या मावशीने, कुसुमबाईंनी, वाढवलेली; दवाखान्यातही त्याच तिच्याजवळ असायच्या. आईबाप नव्हते. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्याखाली सुजाताचं पत्र फ्रेम करून लावलं आहे, असं तिनेच लाजत सांगितलं.

"मिटेल," मी म्हणाले. "मी सांगते तसं केलंस तर."

हेच वाक्य तिला डॉक्टरांनी आणि सिस्टरांनीही सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला पहिला संशय आला. मी सकाळी सुजाताची बोटं मोकळी करून गेले होते आणि दुपारी ती पुन्हा पट्टीत होती. डॉक्टर राउंडला आले असतील, म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी बोटं उघडी होती, पण प्लास्टरच्या कडेला चिकटपट्टीचे तुकडे. चिकटपट्टी मी वापरत नाही. डॉक्टर गाठ मारतात. चिकटपट्टी सिस्टर नसीम वापरतात. मी त्यांच्याकडे गेले.

"सिस्टर, सुजाताची पट्टी तुम्ही बदलली का?"

"मी काहून बदलू, म्याडम? मले वाटलं तुमीच खोलता. तुमी खोलून ठेवता, मंग धूळ जाते न जखमेत." हे त्या हसत म्हणाल्या. त्या हसण्यावर मी बराच विचार केला.

वॉर्डबॉयने मला मालिशवाल्या बाई म्हणून हाक मारली, तेव्हाही सिस्टर हसल्या होत्या. बडनेऱ्याची पाटी कोणी लिहायला सांगितली असेल, याचा माझ्यापुरता निकाल लागला. पुण्यात निदान पाठीमागे नावं ठेवतात.

अंजनगाव सुर्जी

पहिला आठवडा सरला आणि पेशंट आपापल्या गावी गेले. आम्हा तिघांच्या फेऱ्या वेगवेगळ्या ठरल्या. डॉक्टर बाजाराच्या दिवशी हिवरखेडला यायचे, सिस्टर अकोल्याहून त्यांच्या फेरीला, मी गजाननभाऊंच्या जीपने. तिघे एकाच ठिकाणी एकाच वेळी असं कधी घडायचं नाही. वेळापत्रक बनवणाऱ्याला त्यात काही गैर वाटलं नाही. मला तर ते बरंच वाटलं होतं.

अंजनगावात माझा मुक्काम एका पानमळेवाल्याच्या घरी होता. विड्याच्या पानांचे मळे मी पहिल्यांदा पाहिले. वर सावली, खाली ओल, आणि आत शिरताना चपला बाहेर. यजमानांनी सांगितलं की मळा हळव्या मनाचा असतो, त्यात कोणी रागाने शिरू नये. मी बाहेरच उभी राहिले. जेवणात वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी आणि वर लाल तर्री. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. घरधनीण बाई म्हणाली, "मॅडमले तिखट लागलं वाटते." मी नाही म्हटलं आणि पुढे खात राहिले. माझ्या ताटाकडे त्यांचं लक्ष होतं, ते मला दिसत होतं.

तिथेच दुसऱ्या दिवशी डॉक्टर वानखडे भेटले. त्यांची ओपीडी होती. ते मला कोपऱ्यात घेऊन गेले.

"मॅडम, सुजाताची बोटं तुम्ही उघडताय."

"तिच्या घरी गेले तेव्हा उघडीच होती. छान ठेवली होती तिने."

"मी गेलो तेव्हा नीट गुंडाळलेली होती." ते माझ्याकडे बघत राहिले. "पण बोटांच्या कातडीवर घड्या होत्या. पट्टीतल्या बोटाला घड्या पडत नाहीत."

"म्हणजे मी चोरून उघडते असं म्हणायचंय?"

"मी काही म्हणत नाही. पण टाका तुटला तर पेशंट मला विचारेल. तुम्ही पुण्याला गेलेल्या असाल."

हे शेवटचं वाक्य लागलं, कारण ते खरं होतं. आधीची शिबिरं आली आणि गेली आणि मागे अर्धवट राहिलेले हात यांच्या दारात उभे राहिले, हे त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण तेव्हा मला तो टोमणाच वाटला. मीही बोलले, "आणि तुमच्या पट्टीत बोटं चिकटली तर तो दोष कोणाचा धरायचा?"

ते वळले. ओपीडीत परत गेले आणि दुपारचा चहा त्यांनी एकट्यानेच घेतला.

सिस्टर नसीमचं वेगळंच. त्यांनी अंजनगावला कोणाबरोबर तरी माझ्यासाठी कोहळ्याचे बोंड पाठवले. गोड, खरपूस, अजून गरम. बरोबर निरोप होता, "म्याडमले म्हना, पोरीचा हात झोयीत ठेवत जा, जखम लाल दिसून राहिली." मी बोंड खाल्ले आणि निरोपाचा अर्थ लावत बसले. जखम लाल दिसते म्हणजे माझ्यामुळे, असं त्यांना म्हणायचं होतं. पण मग गोड कशाला? बाई हुशार आहे, असं मी ठरवलं.

त्या दिवशी मी मनाशी एक बेत केला. न सांगता हिवरखेडला जायचं. माझ्या फेरीचा दिवस नसताना. कोण काय करतं ते डोळ्यांनी बघायचं.

अकोटच्या वाटेवर

सकाळी मी गजाननभाऊंना म्हटलं, "आज जरा सातपुडा बघू या. हिवरखेडच्या बाजूने छान दिसतो म्हणतात."

"हाव, दिसते न," ते म्हणाले. डोंगर काही रोज जागा बदलत नाहीत, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

अकोटच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक पांढरी गाडी उभी होती, बॉनेट उघडं, वाफा येत होत्या. शेजारी डॉक्टर वानखडे शर्टाच्या बाह्या सरसावून उभे. गजाननभाऊंनी जीप थांबवली. मी खाली उतरले.

"इकडे कुठे?" मी विचारलं.

"हिवरखेडला एक जुना पेशंट आहे," ते म्हणाले आणि मग, "तुम्ही?"

"सातपुडा बघायला."

त्यांनी उत्तरेकडे निळ्या रेषेत बसलेल्या डोंगराकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. गाडी काही सुरू होईना. शेवटी ते आमच्या जीपमध्ये बसले. अकोटच्या स्टँडवर चहासाठी थांबलो तर तिथे बाकावर सिस्टर नसीम बसलेल्या. बुरखा मागे सारलेला, मांडीवर पिशवी, बसची वाट बघून कंटाळलेल्या.

"तेल्हाऱ्याले चालली," त्या आम्ही काही विचारायच्या आत म्हणाल्या. "मामीकडे. बस काही येऊन नाई राहिली."

"हिवरखेडवरूनच जातो आम्ही," डॉक्टर म्हणाले. "बसा."

मागच्या सीटवर आम्ही तिघं दाटीने बसलो. एक जुना पेशंट, एक मामी आणि एक डोंगर. गजाननभाऊ गाडी चालवत होते आणि त्यांच्या खांद्यांवरून मला कळत होतं की ते हसू दाबून राहिले आहेत. आम्ही तिघंही एकमेकांना रंगेहाथ पकडायला निघालो होतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी त्या दोघांनी संगनमत केलं असेल का, याचाच विचार करत होते.

हिवरखेड

कुसुमबाईंचं घर गावाच्या टोकाला, मागे शेत. अंगणात गोवऱ्या जाळून निखाऱ्यांचा आर केलेला होता आणि त्यात रोडगे भाजायला टाकलेले. वेचणीच्या बायांना त्या दिवशी जेवण होतं. कणकेचे गोळे निखाऱ्यात भाजून, फोडून, तूप घालून वांग्याच्या भाजीबरोबर खातात, असं गजाननभाऊंनी वाटेत सांगितलं होतं. वास रस्त्यापर्यंत येत होता.

कुसुमबाई पंखा घेऊन आराजवळ बसल्या होत्या. जीपमधून आधी डॉक्टर उतरले, तेव्हा त्या उठल्या. मग मी उतरले, तेव्हा थबकल्या. सिस्टर नसीम उतरल्या तशा पंखा टाकून त्या घरात पळाल्या.

दार उघडंच होतं. आम्ही उंबऱ्याशी गेलो. सुजाता खाटेवर बसली होती, हात मांडीवर, पट्टी सोडलेली. कुसुमबाईंनी घाईने पट्टी उचलली आणि बोटं गुंडाळायला लागल्या. दोन वेढे झाले, मग थांबल्या. वेढे सोडले. कोनाड्यातून झोळी काढली. ती गळ्यात घालता घालता पुन्हा थांबल्या. आमच्याकडे बघितलं. एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात झोळी.

"आता काय दाखवू?" त्यांनी विचारलं.

मग पट्टी आणि झोळी दोन्ही खाटेवर टाकून त्याच बोलल्या.

"डॉक्टर सायेब आले का बोटं झाकतो. मॅडम आल्या का उघडतो. सिस्टरबाई आल्या का झोयीत टाकतो. रस्त्याकडं पोट्टे ठेवले होते, गाडी कोनाची हाय थे सांगाले. आज तुमी तिघं एका गाडीत आले बाप्पा. आता मी कोनचं करू?"

"आणि दवाखान्यात?" मी विचारलं. "अमरावतीला?"

"तथीबी तेच. तुमच्या पावलाचा आवाज ओयखे आमी."

"पण कोणी नसलं की?" सिस्टरांचा आवाज एकदम खाली आला होता. "कोनी नाई आलं तं हात कसा ठेवता?"

 उत्तर सुजाताने दिलं. "तसाच. मांडीवर. कोनाचंच नाई केलं का कोनाचा अपमान होत नाई."

मला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. भीती वाटली. दोन आठवडे होऊन गेले होते आणि तो हात ना नीट बांधलेला होता, ना नीट हलवलेला. आम्ही जे जे सांगितलं, ते आम्ही येताना व्हायचं आणि जाताना उतरायचं. पाहुण्याला त्याच्या आवडीची भाजी करून घालावी, तसं त्या बाईने प्रत्येकाला त्याच्या आवडीचा हात दाखवला होता. आणि आम्ही तिघंही आपापली भाजी खाऊन खूश होऊन परतत होतो.

डॉक्टर खाटेवर बसले. प्लास्टर काढलं. जखम ठीक होती, थोडी लाल. सिस्टरांनी श्वास सोडला. मग डॉक्टरांनी सुजाताचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि अगदी हळू मागे झुकवायला सुरुवात केली. मनगट मागे गेलं की शिरा ताणल्या जातात आणि बोटं आपोआप मिटतात. शीर तुटलेली असेल तर बोट तसंच राहतं.

मधलं बोट वाकलं. करंगळी वाकली. मधे अनामिका सरळच.

त्या क्षणी खोलीत काय झालं ते मी कधी विसरणार नाही. बोट सरळ राहिलं, याचे दोन अर्थ होते. शीर तुटली असेल तर दोष माझ्या व्यायामाचा. चिकटली असेल तर डॉक्टरांच्या पट्टीचा. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. सिस्टर आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत होत्या. मी मनातल्या मनात म्हणत होते, चिकटलेली असू दे, आणि ते सुजातासाठी म्हणत होते की माझ्यासाठी, ते मला नक्की सांगता येणार नाही.

"तुमी माह्या बोटाकडं पाहूनच नाई राहिले," सुजाता म्हणाली. आवाज शांत होता. "एकमेकांकडं पाहून राहिले."

डॉक्टरांनी खाली बघितलं. मनगट आणखी थोडं मागे नेलं, फार सावकाश. अनामिका हलली. थोडीशी, अडकलेल्या दारासारखी, पण हलली. शीर शाबूत होती. चिकटली होती.

"चिकटली आहे," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "हलवायला हवी होती."

मला हे ऐकायचं होतं. ऐकल्यावर काहीच मिळालं नाही. मी म्हणाले, "मी सांगितलेलं तिने चुकून स्वतःचा जोर लावून केलं असतं, तर तुटलीही असती. मी इथे बघायला नव्हतेच."

"अन् मी झोयीत टाकून ठेवलं असतं तंबी चिकटलीच असती," सिस्टर नसीम म्हणाल्या आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसल्या.

मग पहिल्यांदाच आम्ही तिघं एका हाताभोवती बसून बोललो. पंधरा-वीस मिनिटं वाद झाला आणि तो चांगला मोठ्याने झाला. अंगणातल्या बाया येऊन दारात उभ्या राहिल्या. शेवटी ठरलं ते असं. दिवसा बोटं उघडी, रात्री झाकलेली. दर तासाला दुसऱ्या हाताने वाकवायची, जोर लावायचा नाही. चालता-फिरताना झोळी. आणि हे सुजाताला सांगणार एकच माणूस, सिस्टर नसीम, कारण त्याच वरचेवर येऊ शकतात. डॉक्टरांना किंवा मला काही बदल हवा असेल तर आम्ही सिस्टरांना सांगायचं, पेशंटला नाही.

डॉक्टर म्हणाले, "मग हात कोणाचा?"

"माहा," सुजाता म्हणाली.

कुसुमबाईंना हे काही पटलेलं दिसलं नाही. त्या म्हणाल्या, "आधी जेवा. उपाशी मानूस लवकर हाव म्हनते." अंगणात वेचणीच्या बायांच्या रांगेत आम्हाला बसवलं. राखेतून काढलेले रोडगे, झटकून, हाताने फोडून, वर तूप. वांग्याची भाजी अंजनगावच्या तर्रीपेक्षाही जहाल. कुसुमबाई वाढायला आल्या, माझ्यासमोर वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, खरं सांगा, रातच्यालेबी बोटं उघडेच ठेवले तं चांगलं न?"

माझ्या तोंडात घास होता. आणि उत्तर ओठांवर होतं, हेही खरं. मी म्हणाले, "सिस्टरला विचारा."

त्या पुढे गेल्या. डॉक्टरांसमोर वाकल्या. मी कान टवकारले. "सायेब, एखाद दिवस पूर्न झाकून ठेवलं तं?"

"सिस्टरला विचारा," डॉक्टर म्हणाले.

सिस्टर नसीमसमोर त्या वाकल्याच नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "हे दोघं तं तुमचंच नाव सांगून राहिले."

"मंग ऐका न," सिस्टर म्हणाल्या आणि अजून एक रोडगा मागितला.

अकोला, आणि नंतर

परतीची गाडी अकोल्याहून होती. त्याआधी आठवडाभर सिस्टर नसीम दर दोन दिवसांनी हिवरखेडला गेल्या. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले आणि तोंड बंद ठेवून खाटेच्या पायथ्याशी बसले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात अवघड काम. सिस्टर बोटं वाकवून दाखवत होत्या, माझ्यापेक्षा थोड्या जोरात. बाहेर आल्यावर मी तसं म्हटलं. पुढच्या वेळी त्यांनी जोर कमी केला, असं त्यांनीच मला स्टेशनवर सांगितलं. खरं असावं.

स्टेशनवर त्या डबा घेऊन आल्या होत्या. डॉक्टर आले नाहीत. त्यांनी गजाननभाऊंबरोबर पाटी पाठवली होती. तीच बडनेऱ्याची. 'व्यायामवाल्या' खोडून वर माझं नाव, शिक्षणासकट, त्यांच्या अक्षरात लिहिलेलं. खालचं 'पुणे'ही त्याच अक्षरात होतं, म्हणजे पहिली पाटीही त्यांनीच लिहिली असणार. महिनाभर मी सिस्टरांवर डोळा ठेवून होते. हे मी सिस्टरांना सांगितलं नाही. डब्यात कोहळ्याचे बोंड होते, ते गाडी सुटायच्या आधीच उघडले.

पुण्याला आल्यावरही माझा विश्वास बसला होता असं नाही. मी सिस्टर नसीमना फोन करून विचारलं, सुजाता काय करते. मग डॉक्टरांना विचारलं. मग शेजारच्या दुकानात फोन लावून कुसुमबाईंना बोलावून घेतलं आणि त्यांनाही तेच विचारलं. तिघांनी अगदी तेच सांगितलं. कुसुमबाई शेवटी म्हणाल्या, "मॅडम, तुमी बी माह्यासारख्याच हाय."

तपासणीच्या दिवशी संध्याकाळी सुजाताचा फोन आला.

"मॅडम, घेतलं मले."

मी खुर्चीत बसले. "हात दाखवलास?"

"सायबानं मूठ मिटाले सांगतली. मी मिटली. पेन धरून दाखवला, सुई धरून दाखवली. अनामिका थोडी बाहेरच राहाते, थे त्याईनं पाहिलं. म्हने, हे बोट काहून पूर्न नाई मिटत?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं सर, ह्या हातावर तीन मोठे मानसं होते. ह्या बोटात जे कमी राहिलं, थे तिघं वेगवेगये येत होते तवाचं हाय. बाकीचं सारं थे एका गाडीत आले, मंगचं."